शिकागोत फुटपाथवर पितळी पट्ट्या, पण किल्ला कुठंय?

गडवेडी_काकू:
नमस्कार मंडळी, मुलाकडे शिकागोला आलेय. काल मिशिगन अव्हेन्यू आणि वॅकर ड्राइव्हच्या चौकात फुटपाथमध्ये पितळी पट्ट्या बसवलेल्या दिसल्या, म्हणे फोर्ट डिअरबॉर्नची हद्द. आजूबाजूला नुसते टॉवर! एखादा बुरूज, पडका दरवाजा, काहीतरी शिल्लक असेल ना? मुलाला विचारलं तर म्हणतो आई मी रोज त्यावरूनच ऑफिसला जातो, कधी खाली बघितलंच नाही 😀

नदीकाठचा:
काकू काहीही नाही उरलेलं. दगडी नव्हताच तो, अमेरिकन सैन्याचा ओंडक्यांचा मेढेकोट. १८०३ मध्ये कॅप्टन जॉन व्हिस्लरच्या सैनिकांनी बांधला, १८१२ ला जळाला, १८१६ ला परत उभा केला, १८३७ पर्यंत सैन्याने सोडला. पुढे १८५५ मध्ये नदी रुंद करताना काही भाग पाडला, १८५७ च्या आगीत बराचसा जळाला आणि उरलंसुरलं १८७१ च्या शहरभरच्या आगीत गेलं. चौकातच लंडन गॅरंटी बिल्डिंग आहे, आता तिथं हॉटेल झालंय, तिच्या दारावर किल्ल्याचं शिल्प आहे ते बघा. आणि शेजारच्या मिशिगन अव्हेन्यू पुलाच्या दक्षिणेकडच्या खांबावर १८१२ च्या लढाईचं मोठं शिल्प आहे, त्याखाली सगळे सेल्फी काढतात, वाचत कोणी नाही.

बखरवाला:
पण लढाई किल्ल्यात झालीच नाही हो! इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा डेट्रॉइटहून जनरल हलचा हुकूम आला, किल्ला सोडा. कमांडर नेथन हील्डने जास्तीचा दारूगोळा आणि दारू पोटावाटोमींना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीला, न देता नष्ट केली, म्हणजे आधीच चिडलेल्या लोकांना आणखी चिडवलं. १५ ऑगस्टला सैनिक, बायका, पोरं असे शंभरच्या आसपास लोक मिशिगन तळ्याच्या काठाने दक्षिणेला निघाले आणि दीड-दोन मैलांवर वाळूच्या टेकड्यांत पोटावाटोमींनी त्यांना गाठलं. निम्म्याहून जास्त मारले गेले, किल्ला दुसऱ्या दिवशी पेटवला. त्यामुळे पट्ट्या बघून घटना कळत नाही, त्यासाठी १८ वा रस्ता आणि कॅल्युमेट अव्हेन्यूपाशी जायला हवं.

गडवेडी_काकू:
अगं बाई, मग स्मारक तिकडे असेल ना?

बखरवाला:
होतं. रेल्वेडबेवाल्या जॉर्ज पुलमनने १८९३ ला स्वतःच्या घराजवळ ब्राँझचं उभारलं होतं. त्यात ब्लॅक पार्ट्रिज नावाचा पोटावाटोमी सरदार एका गोऱ्या बाईला वाचवतोय, पण एकूण सूर 'रानटी लोकांनी केलेली कत्तल' असाच. मूळ रहिवाशांच्या संघटनांनी निषेध केला, आता ते लोकांसमोर नाही. २००९ पासून तिथं एक छोटी बाग आहे, नाव 'बॅटल ऑफ फोर्ट डिअरबॉर्न पार्क'.

लेकसाइड_पुणेकर:
निषेध बरोबरच होता. १८३३ च्या तहात पोटावाटोमींची उरलेली जमीनही गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं, त्याचं शिल्प त्या पुलावर कुठंय? उलट शहराच्या झेंड्यावरच्या चार लाल ताऱ्यांपैकी एक या किल्ल्याचा, १९३९ मध्ये घातलाय. पण पुतळा गोदामात टाकून तरी काय साधलं, शेजारी दुसरी बाजू सांगणारा फलक लावून ठेवला असता तर वाचणाऱ्याने स्वतः ठरवलं असतं.

नदीकाठचा:
फलक मुळात वाचतं कोण, वर काकूंच्या चिरंजीवांनी सांगितलंच 😄

गडवेडी_काकू:
त्याला रविवारी घेऊनच जाते बागेत. बसायला बाक आहेत का तिथं? गुडघे बोलतायत.