कापूस पाण्यात का विरघळत नाही?

तांदळातील स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज दोन्ही ग्लुकोज या साखरेच्या साखळ्यांचेच बनलेले असताना तांदळाच्या पिठाची खळ होते, पण कापूस कितीही उकळला तरी तसाच का राहतो, या प्रश्नाला ‘हायड्रोजन बंधांमुळे’ (म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या ओढीमुळे) एवढे उत्तर मला अपुरे वाटते. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे घटक ज्या अल्फा प्रकाराने जोडलेले असतात, त्या जोडणीमुळे साखळीला पीळ पडतो; सेल्युलोजमधील बीटा जोडणीमुळे प्रत्येक घटक आधीच्या घटकाच्या उलटा बसतो, साखळी पट्टीसारखी सरळ राहते आणि अशा पट्ट्या एकमेकींवर घट्ट रचल्या जाऊन स्फटिकमय तंतुक, म्हणजे अतिसूक्ष्म तंतू, बनतात. या रचनेत पट्ट्यांच्या पाण्याला न जुमानणाऱ्या सपाट बाजूंचाही वाटा असतो.

म्हणूनच टोकियो विद्यापीठातील अकिरा इसोगाई यांचे काम मला फार मोलाचे वाटते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी साखळ्या विरघळवण्याऐवजी, टेम्पो या उत्प्रेरकाच्या साहाय्याने, तंतुकांच्या केवळ पृष्ठभागावरील ग्लुकोज घटकांच्या सहाव्या कार्बनाच्या हायड्रॉक्सिल (OH) गटांचे कार्बॉक्सिलेट या ऋणभारित गटांमध्ये रूपांतर केले. त्यामुळे ऋणभारित झालेले तंतुक एकमेकांना दूर लोटतात. लाकडातील सेल्युलोजचा दुधाळ लगदा मग पाण्यात जोरात घुसळला की त्याचे पारदर्शक जेल होते, कारण जेमतेम ३ ते ४ नॅनोमीटर रुंदीचे सुटे तंतुक प्रकाश फारसा विखुरत नाहीत. या कामासाठी त्यांना त्सुगुयुकी साइतो आणि योशिहारु निशियामा यांच्यासह २०१५ चे मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळाले.

अडचण आहे ती वाळवण्याची: या जेलमध्ये बहुतांश पाणीच असते आणि ते काढताना तंतुक पुन्हा एकमेकांना चिकटतात.