चेकलिस्ट फक्त नवख्यांसाठी?
वर कोणीतरी लिहिलंय की मशीन चालू करण्याआधीची चेकलिस्ट वगैरे नवीन पोरांसाठी, जुन्या हाताला काय गरज. माझा अनुभव उलटाय. नवीन पोरगा लेथला (धातूचा तुकडा गरगर फिरवून कापायचं मशीन) घाबरून असतो, चार वेळा बघतो. मी मात्र पंधरा वर्षं मशीन चालवून एकदा शिफ्ट संपता संपता जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकात (तो पकडून फिरवणाऱ्या भागात) बांधला, शेजारच्याशी बोलत बोलत चक आवळायची चावी चकातच ठेवून मशीन चालू केलं. चावी उडून मागच्या पत्र्यावर आदळली, पोचा अजून आहे, हेल्पर पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. आणि गंमत म्हणजे चावी काढल्याचं मला अगदी 'आठवत' होतं, रोज पन्नासदा काढतोच की!

त्यामुळे 'लक्ष द्या' असे बोर्ड लावून काही होत नाही. रेल्वेत लोको पायलट आणि असिस्टंट रोजच्याच रूटवरसुद्धा सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, जपानात तर बोट दाखवून बोलतात. मी आता तेच करतो, 'चावी बाहेर' म्हणायचं आणि मगच हात स्विचकडे. पोरं हसतात, हसू देत. आणि स्प्रिंगवाली चावी मिळते, दाब सोडला की चकात राहतच नाही, ती मागून घ्या मालकाकडून.