१६० अंकी संख्येचे अवयव वीस मशीनवर पाडायचे आहेत: सॉफ्टवेअर, सर्व्हर आणि कामवाटपाबद्दल सल्ला हवा

विषमपद
नमस्कार मंडळी. एका अलिकॉट साखळीत १६० अंकी संयुक्त संख्येपाशी अडलोय. (संख्येच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज, मग त्या बेरजेच्या विभाजकांची बेरीज, अशी ती साखळी; पुढची बेरीज काढायला आधी संख्येचे मूळ अवयव हवेत.) पुणे, नागपूर आणि पणजी मिळून १९ स्वयंसेवक आहेत. बहुतेकांकडे ८ किंवा १६ जीबीचे चार-सहा कोरचे लॅपटॉप, निम्म्यांवर विंडोज. शिवाय ६४ जीबीचा एक डेस्कटॉप आहे. रोज आठ-दहा तास मशीन चालू ठेवायची सगळ्यांची तयारी आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? काम कसं वाटावं? सर्व्हर घरी चालेल का? बॉइंकवर (स्वयंसेवकांच्या मशीनना काम वाटणारी यंत्रणा) स्वतःचा प्रकल्प उभारावा असंही एक मत पडलंय.

चाळणीवाला
बॉइंकचा विचार सोडा. वीस मशीनसाठी त्याचा सर्व्हर उभा करणं म्हणजे चहासाठी गॅस एजन्सी काढणं. स्वतःची संख्या नसती तर एनएफएस ॲट होमला जा म्हटलं असतं (एनएफएस म्हणजे नंबर फील्ड सीव्ह, मोठ्या संख्येचे अवयव पाडायची पद्धत), तो प्रकल्प २००९ पासून बॉइंकवर चालतोच आहे. तुमच्यासाठी कॅडो-एनएफएस हे सॉफ्टवेअर बरं. त्यात सर्व्हर आणि क्लायंट आयते मिळतात, आणि बहुपदी निवडणं, चाळणी (रिलेशन्स, म्हणजे उपयोगी आकड्यांच्या जोड्या शोधणं), फिल्टरिंग (त्यातल्या निरुपयोगी गाळणं), मॅट्रिक्स (उरलेल्यांची समीकरणं सोडवणं) आणि वर्गमूळ असं सगळं एकाच दोरीत ओवलेलं आहे.

पण त्याआधी ईसीएम, म्हणजे एलिप्टिक वक्र वापरून लहान अवयव शोधायची पद्धत; एक वक्र म्हणजे एक प्रयत्न. साखळीतली संख्या कुणी मुद्दाम दोन सारख्याच लांबीच्या मूळ संख्या गुणून बनवलेली नसते, तिच्यात ४०-४५ अंकी अवयव लपलेला असू शकतो. ढोबळ नियम असा की अंकसंख्येच्या ४/१३ इतक्या अंकांपर्यंत ईसीएम करावं, म्हणजे तुमच्यासाठी साधारण ४९. जीएमपी-ईसीएम या प्रोग्राममध्ये ४५ अंकांसाठी बी१ (प्रत्येक वक्राची शोधमर्यादा) = १.१ कोटी आणि सुमारे ४,५०० वक्र, ५० अंकांसाठी बी१ = ४.३ कोटी आणि सुमारे ७,५०० वक्र. वक्र एकमेकांपासून स्वतंत्र असल्याने इथे सर्व्हर लागत नाही. कुणी किती वक्र केले याचा एक सामाईक तक्ता पुरतो. ८ जीबीवाल्यांनी दुसऱ्या टप्प्याच्या मेमरीला मर्यादा घालावी, नाहीतर मशीन स्वॅपमध्ये जाऊन बसतं.

मग बहुपदी. एकूण वेळेचा पाचेक टक्के भाग इथे घालवा. मर्फी स्कोअर (बहुपदी किती चांगली याचं माप) दहा टक्क्यांनी चांगला मिळाला तर पुढची चाळणी सगळ्यांच्याच मशीनवर जवळपास तेवढ्या प्रमाणात हलकी होते. हेही काम क्लायंटना वाटता येतं.

चाळणीचं वाटप स्पेशल-क्यूच्या (चाळणी ज्या मूळ संख्या एकेक घेऊन चालते त्यांच्या) पट्ट्यांनी होतं. क्यू दोन कोटींच्या आसपास असताना १०,००० रुंदीच्या पट्ट्यात साधारण ६०० मूळ संख्या येतात. तुमच्यातल्या सर्वांत मंद लॅपटॉपला एक पट्टा तासाभरात संपवता यावा, अशी रुंदी ठरवा. वर्कयुनिटची (एका वेळी दिलेल्या कामाच्या तुकड्याची) मुदत त्याच्या तिप्पट-चौपट ठेवा. लोक झाकण मिटून लॅपटॉप दप्तरात टाकतात, मुदत उलटते, तोच पट्टा दुसऱ्याला जातो आणि पहिल्याची मेहनत वाया. त्याहून वाईट म्हणजे मुदत उलटलेल्या वर्कयुनिटांची एक कमाल मर्यादा असते, मूळ आकडा १००. तो ओलांडला की सर्व्हर स्वतःच थांबतो. झोपणाऱ्या लॅपटॉपांच्या टोळीत १०० म्हणजे काहीच नाही. सुरुवातीलाच काही हजार करून ठेवा.

अर्धमागधी
विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल२, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. त्यात लिनक्सला मूळ सेटिंगने मशीनची निम्मीच मेमरी मिळते, ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ती ६ करा, नाहीतर चाळणी मध्येच मरते आणि लॉगमध्ये नुसतं 'किल्ड' दिसतं. एका मशीनवर चार क्लायंट लावू नका. चार थ्रेडचा एकच क्लायंट लावा, म्हणजे फॅक्टर बेस (चाळणीला लागणाऱ्या लहान मूळ संख्यांचा तक्ता) मेमरीत एकदाच येतो.

कॅडो प्रत्येकाने आपापल्या मशीनवर कंपाइल करायचं. बिल्ड त्या प्रोसेसरसाठीच होतं. मित्राच्या नव्या मशीनवरची बायनरी जुन्या लॅपटॉपवर उचलली की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' ठरलेलं.

घरच्या सर्व्हरचं म्हणाल तर बहुतेक घरगुती जोडण्यांवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, बाहेरून कुणी पोचूच शकत नाही. दोन कोर, ४ जीबी आणि शंभरेक जीबी डिस्कचा भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) घ्या. तो फक्त पट्टे वाटतो आणि फाइली गोळा करतो. क्लायंटना सर्व्हरचा पत्ता आणि सर्टिफिकेटचा हॅश (खऱ्या सर्व्हरशीच बोलतोय हे पटवायला) दोन्ही द्या. स्वयंसेवकांचे आयपी रोज बदलतात, त्यामुळे व्हाइटलिस्ट (कोणत्या पत्त्यांना आत घ्यायचं ती यादी) मोकळी ठेवावी लागेल. म्हणून त्या व्हीपीएसवर दुसरं काहीही ठेवू नका.

विषमपद
खूप आभार. दोन शंका. कुणाच्या गरम झालेल्या मशीनने चुकीची रिलेशन्स पाठवली तर? बाकी प्रकल्पांत प्रत्येक काम दोघांना देतात तसं करायचं का? आणि आणखी वीस जण मिळाले तर थेट आरएसए-२६० ला (आव्हान म्हणून जाहीर झालेली २६० अंकी संख्या) हात घालावा असा एकाचा आग्रह आहे.

चाळणीवाला
दुहेरी काम नको. रिलेशन स्वतःच स्वतःचा पुरावा असतं: त्यातले ए आणि बी हे दोन आकडे दोन्ही बहुपदींत घालायचे आणि दिलेल्या मूळ संख्यांनी भाग जातो का ते बघायचं. क्षणाचं काम. कॅडोत त्यासाठी चेक-रेल्स नावाचं छोटं साधन आहे. आलेल्या फाइलींतले नमुने त्यातून काढत राहा, एखाद्या मशीनकडून वारंवार चुका आल्या तर त्याचं ओव्हरक्लॉकिंग काढायला सांगा.

आरएसए-२६० बद्दल: २५० अंकी आरएसए-२५० फेब्रुवारी २०२० मध्ये कॅडोनेच फुटली, त्याला सुमारे २,७०० कोर-वर्षं लागली. तुमचे १६० कोर धरले आणि ते चोवीस तास चालले तरी सतरा वर्षं. तीही सर्व्हरच्या कोरांवरची, मे महिन्यातल्या नागपुरी लॅपटॉपवरची नाहीत. शिवाय २६० अंकी त्याहून बरीच जड.

ओळस्तंभ
वर सगळे चाळणीवरच बोलतायत. संख्या निवडताना स्वयंसेवक मोजू नका, शेवटची मॅट्रिक्स कुणाच्या मशीनवर बसणार ते आधी बघा. चाळणी हजार जणांत वाटता येते, मॅट्रिक्स येत नाही.

का, ते आकड्यांत बघा. समजा मॅट्रिक्स ८० लाख ओळींची आली. ६४ बिटांच्या गठ्ठ्याने जायचं तर साधारण सव्वा लाख फेऱ्या. प्रत्येक फेरीत ८० लाख × ८ बाइट, म्हणजे ६४ एमबीचा व्हेक्टर पूर्ण तयार झाल्याशिवाय पुढची फेरी सुरू होत नाही. हे पुणे-पणजी इंटरनेटवरून करायला गेलात तर एका बाजूने ८ टीबी वाहतूक, तीही एकमेकांची वाट बघत. १९९४ साली १२९ अंकी आरएसए-१२९ साठी सुमारे ६०० स्वयंसेवकांनी ईमेलने रिलेशन्स पाठवली होती, पण शेवटची मॅट्रिक्स एकाच मासपार या समांतर संगणकावर ४५ तासांत सुटली. आजही रीत तीच.

तुमचा ६४ जीबीचा डेस्कटॉप १६० अंकांना पुरेल. फिल्टरिंगलाही तोच वापरा, व्हीपीएसवर ते गुदमरेल. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. पुण्यात असेल तर गुरुवारची देखभालीची वीजबंदी लक्षात ठेवून चेकपॉइंटचं अंतर कमी करा.

आता कधी थांबायचं. रिलेशनमध्ये येऊ द्यायच्या मोठ्या मूळ संख्यांची मर्यादा दोन्ही बहुपदींच्या बाजूंना ३१ बिट ठेवलीत तर १८ ते २० कोटी कच्ची रिलेशन्स लागतील. बिट एकने वाढवला की गरज जवळपास दुप्पट. यातली बरीच दुबार निघतात, क्यू फार लहान घेतल्यास जास्तच. दुबार काढल्यावर आणि एकदाच येणारे आयडियल (रिलेशनमधले मूळ अवयव) असलेली रिलेशन्स गाळल्यावर उरलेली रिलेशन्स आयडियलपेक्षा जास्त हवीत. नसतील तर फिल्टर 'पुरेसं नाही' म्हणून परत चाळणीकडे पाठवतो. जेमतेम पुरल्यावर लगेच थांबू नका, आणखी दहा टक्के चाळा. मॅट्रिक्स लहान होते आणि डेस्कटॉपचे कित्येक तास वाचतात. स्वयंसेवकांचे तास भरपूर आहेत, डेस्कटॉप एकच आहे.

अर्धमागधी
ओळस्तंभ यांना +१. आणि थेट १६० नको. आधी १०० अंकी संख्या एकट्या डेस्कटॉपवर करा, मग १२० आणि १४० अंकी सगळ्यांनी मिळून. दर पाच अंकांना वेळ साधारण दुप्पट धरा, म्हणजे १४० ला जेवढे कोर-तास लागले त्याच्या सोळापट १६० ला. तो आकडा तुमच्या वेळेत बसत नसेल तर तेव्हाच कळेल.

वीजबिलाचंही आधीच बोलून घ्या. ६० वॅट जादा, रोज दहा तास, महिन्याला १८ युनिट, लॅपटॉपवाल्याला जाणवणारही नाही. डेस्कटॉपवाल्याचे २०० वॅट चोवीस तास म्हणजे १४४ युनिट. महाराष्ट्रात घरगुती दराचा टप्पा ३०० युनिटांवर बदलतो. तो पार झाला तर वरची युनिटं महाग पडतात. वर्गणी काढा.

विषमपद
ठरलं: ईसीएम उद्यापासून, मग १२० अंकी चाचणी. वर्गमूळ अपयशी ठरतं असं कुठेतरी वाचलं, तेव्हा सगळं परत करावं लागतं का?

ओळस्तंभ
नाही. मॅट्रिक्समधून अनेक डिपेंडन्सी (ज्यांचा गुणाकार पूर्ण वर्ग होतो असे रिलेशन्सचे गट) मिळतात. संख्येला दोनच मूळ अवयव असतील तर प्रत्येक डिपेंडन्सीने अवयव निघण्याची शक्यता निम्मी. पहिलीने १ आणि तुमची १६० अंकी संख्याच परत दिली तर दुसरी लावा, मग तिसरी. सलग पाच-सहा फसल्या तरच शंका घ्या, आणि तेव्हा आधी चुकीचं रिलेशन आत शिरलंय का ते शोधा. अवयव मिळाल्यावर दोन्ही मूळ आहेत याची खात्री करून फॅक्टरडीबीवर (अवयवांची सार्वजनिक ऑनलाइन नोंदवही) टाका. साखळीची पुढची ओळ लगेच दिसेल. तिच्यातले लहान अवयव निघून उरलेली संख्या किती अंकी राहते ते बघा आणि मगच मंडळींना 'झालं' म्हणून सांगा.