चंदगडची तारीख बेळगावला पडायची, तेच बरं होतं का?

काजूवाला_चंदगड (धागाकर्ता)
कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून जिकडंतिकडं 'न्याय दारात आला' म्हणून फलक. आनंद मलाही झालाय. पण गेल्या महिन्यात आजोबांची ट्रंक उपसताना बांधाच्या दाव्यातल्या अपिलाची नक्कल सापडली. गंजून कागदाला चिकटलेली टाचणी, कोपऱ्यावर पानाचा डाग, आणि वर जिल्हा कोर्ट, बेळगाव. पोरांना वाटलं सीमाप्रश्नाचा कागद आहे. त्यांना सांगावं लागलं की १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हाच बेळगाव होता. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यानं चंदगड तालुका तेवढा वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडं, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडं दिला, आणि आम्ही कोल्हापुरात आलो.

भाषेच्या हिशेबानं योग्यच झालं. पण बेळगाव आमच्यापासून चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या वर. बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता आजही बेळगावातच. कोर्ट तेवढं उलट्या दिशेला गेलं. आमच्या पक्षकाराच्या पायांचा विचार त्या वेळी कुणी केला, असं मला वाटत नाही. बोला.

पेठेतला_गडी
भावा, चाळीस वर्सं वकिलांनी मोर्चे काढले, कामं बंद ठेवली, तवा कुठं बेंच आली, आणि तू बेळगावला निघालास व्हय? मुंबईला पावणेचारशे किलोमीटर जायचं म्हंजे काय ते मला विचार. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी स्टेशनातच तोंड धुवायचं, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं ऱ्हायचं, आणि संध्याकाळी कळायचं की आपली मॅटर बोर्डावर पोचलीच न्हाई. परत महालक्ष्मी. आमच्या वडिलांनी जमिनीच्या एका केसपायी असं किती येळा केलं त्याला मोजदाद न्हाई.

आणि ही काय नवी भीक न्हवं. कोल्हापूर संस्थानाचं सोताचं हायकोर्ट हुतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई इलाख्यात इलीन झालं आणि तेबी गेलं. शहात्तर वर्सांनी गेल्या जागी परत आलं, एवढंच.

कुंदानगरी
धागाकर्त्यांनी एकदा आमच्याकडं बेळगावात येऊन राहावं. अंतराचं म्हणाल तर आम्ही नशीबवान. जिल्हा कोर्ट गावात, आणि २००८ पासून हायकोर्टाचं बेंच धारवाडला, गाडीनं दीड तास. तुम्ही त्यानंतर सतरा वर्षं मुंबईच्या खेपा घालत होता. पण माझ्या आईला समन्स आलं की ते वाचून दाखवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. जमिनीचा उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात. तुम्ही शंभर किलोमीटर जाता, पण हातातला कागद तुमचा तुम्हाला वाचता येतो. महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा घातला, तोही अजून लोंबकळतोय. बदली करायची का? आत्ता सही करते.

काजूवाला_चंदगड
ताई, हे मान्य. मी बेळगावला परत जोडा म्हणत नाहीये. तरी एक विचारतो: हायकोर्टात ना मराठी चालतं ना कन्नड. तिथं तुमची आई आणि माझे आजोबा सारखेच मुके.

कुंदानगरी
हायकोर्टापर्यंत किती जण जातात हो? शंभरातल्या नव्वदांचं कोर्ट म्हणजे तालुक्याचं.

काळाकोट
थोडं कायद्याचं. १९५६ साली चंदगडचं जिल्हा कोर्ट बदललं, हायकोर्ट बदललं नाही, मुंबईच राहिलं. बेळगावचं उलटं झालं: जिल्हा कोर्ट जागच्या जागी, हायकोर्ट मुंबईहून बंगळूरला. आणि गंमत बघा, ज्या कायद्यानं ही फाळणी केली त्याच्याच कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच काढलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. त्यामुळं 'संस्थानाचं हायकोर्ट परत आलं' हे भाषणाला ठीक. संस्थानाचं हायकोर्ट दरबारचं होतं, हे मुंबई हायकोर्टाचं बसण्याचं ठिकाण आहे. नातं फक्त गावाचं.

पेठेतला_गडी
वकीलसाहेब, नातं गावाचं हाय म्हणूनच तर मिसळ वाटली.

रायबागचा_पाव्हणा
संस्थानाचं कौतुक चाललंयच तर आमचंही नाव घ्या. रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, कटकोळही. मधे चिकोडीचा इंग्रजी मुलूख, पलीकडं आम्ही, असा तुटक तुकडा. गाव कन्नड बोलणारं, वरचा दरबार करवीरचा. मोठ्या कामासाठी मिरजेवरून वळसा घालून कोल्हापूर गाठायचं. विलीनीकरणानंतर आम्ही बेळगाव जिल्ह्यात गेलो. तेव्हाचे आमचे म्हातारे हरखलेच असणार. चंदगडकरांना आज जे खुपतंय ते आम्ही राजाच्या काळात भोगलंय, आणि त्यावर कोल्हापुरात कुणी धागा काढल्याचं ऐकलं नाही.

पेठेतला_गडी
हे मातर खरं हाय. रायबाग आमचं हुतं हे मला आज कळलं. शाळंत शिकिवलं न्हाई.

काळाकोट
म्हणूनच 'भाषा की अंतर' हा वाद मला अपुरा वाटतो. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला सुचवली. मोजणी गावांची झाली. पण गाव हलवलं की त्याचे चालू दावे, नोंदणीचे दस्त, जुन्या नकला कुठल्या कचेरीतून मिळणार, हे पक्षकाराला त्याचं त्यानंच शोधावं लागतं. काजूवाले, तुमच्या दाव्याची मूळ फाईल हवी झाली तर जाल कुठं?

काजूवाला_चंदगड
जाऊन आलो. कोल्हापुरात सांगितलं बेळगावला विचारा, बेळगावात सांगितलं अर्ज कन्नडात आणा. कुंदानगरीताईंच्या शेजारचं पोरगं मिळेल का?

कुंदानगरी
मिळेल. पाचशे रुपये आणि किलोभर काजूगर. बाकी तुमच्या अपिलाचा निकाल काय लागला ते सांगितलंच नाही.

काजूवाला_चंदगड
आमच्या बाजूनं. नकलेच्या पाठीवर आजोबांनी पेन्सिलीनं खर्च मांडलाय: मोटारभाडं, स्टँप, वकील, कुंदा पावशेर. शेजाऱ्यानं बांध परत दोन हात सरकवलाय. नवा दावा चंदगडातच घातलाय, पुढची तारीख मंगळवारची.