कॉमन मीटर, गच्चीवरचं सोलर आणि 1897 चा एप्रिल

बी-602 : मंडळी, आपल्या सोसायटीचं मार्चचं कॉमन मीटरचं बिल आलं. 2,410 युनिट, 43,180 रुपये. लिफ्ट, पाण्याचे पंप, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, एवढंच त्यात. मागच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या 20 किलोवॅट सोलरचा विषय पुढे ढकलला होता, तो या रविवारी संपवू या. उंच स्ट्रक्चरसकट कोटेशन 12 लाखांचं आहे. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 अनुदान आहे, म्हणजे 3 लाख 60 हजार. उरलेले 8 लाख 40 हजार 48 फ्लॅटमध्ये वर्षभरात विभागले तर महिना साधारण 1,460 पडतात. अनुदान नंतर जमा होतं, तेवढी रक्कम आधी आपल्याला उभी करावी लागेल, हेही सांगून ठेवतो.

ए-304 : हिशेब समजला साहेब. पण प्रस्तावाच्या कागदावर "हवामानबदल रोखण्यात आपला वाटा" लिहिलंय, ते काढा. मला ते पटत नाही. पुण्याचं सर्वांत जास्त तापमान 43.3, तारीख 30 एप्रिल 1897. तेव्हा कुठे होत्या गाड्या आणि एसी? हवामान पूर्वीही बदलायचं.

सी-203 : आप्पा, 1897 चं खरं आहे का? मला वाटायचं 2019 चा एप्रिलच सर्वांत वाईट होता.

बी-602 : ताई, आप्पांचा आकडा बरोबर आहे. 2019 ला शिवाजीनगरला 43.0 झालं होतं, 1897 चा उच्चांक तेव्हाही मोडला नाही. पण आप्पा, तो एका दिवसाचा पारा. हवामान म्हणजे तीस-तीस वर्षांची सरासरी. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये भारताबद्दलचा अहवाल तयार केला, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा. 1901 ते 2018 मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, असं त्यात आहे. आकडा लहान दिसतो, पण सरासरी एवढी सरकली की कडक उन्हाचे दिवस फार वाढतात.

ए-304 : वाढलं असेल. माणसामुळेच वाढलं कशावरून? सूर्य कमी-जास्त तापतोच की.

बी-602 : हा प्रश्न मलाही पडला होता. उभी नोकरी कोळशाच्या वीज केंद्रात गेली, त्यामुळे कोळशावर दोष यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. म्हणून नीट वाचलं. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा खालचा थर आणि वरचा थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा तापतोय आणि वरचा, ओझोनचा थर असतो तो, थंड होतोय. अंगावर रजई घेतली की आत ऊब राहते आणि बाहेर कमी उष्णता जाते, तसंच. शिवाय सूर्याकडून येणारी ऊर्जा 1978 पासून उपग्रह मोजताहेत, तिच्यात वाढीचा कल नाही.

बी-602 : आणि हवेतला कार्बन कुठून आला तेही कळतं. जिवंत झाडात कार्बन-14 असतो, हळूहळू आपोआप संपत जाणारा कार्बनचा एक प्रकार. कोळसा कोट्यवधी वर्षं जुना, त्यातला तो संपलेला. हवेत नवा कार्बन मिसळतोय तो असा जुना, कार्बन-14 नसलेला आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआला 1958 पासून रोज मोजणी होते. तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते, आता 420 च्या वर. या गोष्टीवर मी कितीही वेळ वाद घालीन, कारण ती मोजलेली आहे.

ए-701 : काका, वाद नंतर घाला 🙏 गच्ची आमच्या डोक्यावर आहे. खिळे ठोकले आणि पावसात गळती लागली तर?

बी-602 : तुमची शंका सगळ्यात महत्त्वाची. स्लॅबला भोक पाडायचं नाही. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करायचं, आणि वाऱ्याचा भार किती सोसतं ते लेखी घ्यायचं. वॉटरप्रूफिंग आधी करून घेऊ. खाली आठ फूट जागा सुटेल. वाळवणं आणि कपड्यांच्या दोऱ्या राहतील, पण पापड-कुरडयांना पूर्वेकडची मोकळी बाजूच वापरावी लागेल.

सी-203 : माझी मुलगी जर्मनीत असते. तिथे एवढं सोलर आणि पवनचक्क्या, तरी वीज भयंकर महाग. मग स्वस्त स्वस्त का म्हणतात?

ए-304 : हेच मी म्हणतोय!

बी-602 : ताई, तिथल्या घरगुती दरात कर आणि तारांचं भाडं मोठं असतं, आणि 2022 ला रशियाचा गॅस तुटल्यावर सगळंच भडकलं. पण प्रश्न योग्य आहे, तो आपल्याकडेही लागू होतो. राजस्थानात भडल्याच्या सोलर पार्कच्या लिलावात 2017 लाच सोलरचा दर युनिटला 2 रुपये 44 पैसे निघाला. मग आपण 18 रुपये का भरतो? कारण तो दर उन्हातल्या विजेचा, तोही प्रकल्पाच्या दारात. पुढे तारा, गळती, वहन आकार, स्थिर आकार, 16 टक्के वीज शुल्क. शेतीपंपाला वीज स्वस्त द्यायची म्हणून जास्त युनिट वापरणाऱ्या, वरच्या दर-स्लॅबवाल्यांकडून जास्त घेतलं जातं. आपलं कॉमन मीटर 500 युनिटच्या वर जातं, म्हणजे सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये. आपल्याला सोलर परवडतं ते याच कारणाने. ज्या घरात महिना 80 युनिट लागतात त्यांनी घाई करू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

डी-102 : रात्री काय करणार? आणि लाईट गेली तर लिफ्ट सोलरवर चालेल ना?

बी-602 : नाही चालणार. हे विक्रेते सांगत नाहीत म्हणून मी सांगतो. लाईन गेली की सोलरचा इन्व्हर्टरही बंद होतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. जनरेटर ठेवावाच लागेल. रात्री वीज नेहमीसारखी बाहेरून येईल. दिवसा जास्त झालेली युनिट मीटर उलटी जमा करतं आणि ती 31 मार्चपर्यंत वापरता येतात. एप्रिल-मेमधली शिल्लक जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येईल.

बी-602 : राज्यालाही हाच प्रश्न आहे. संध्याकाळी सातला ऊन जातं आणि सगळ्यांचे दिवे-पंखे लागतात. तेव्हा कोयनेचं पाणी आणि कोळशाचे संच धावतात. कोळसा उद्या बंद होईल असं मी म्हणत नाही. देशातली सुमारे 70 टक्के वीज अजून त्यातूनच येते.

ए-304 : मग कोळशावर चांगली नोकरी केलेल्या माणसाने त्याच्याविरुद्ध का बोलावं?

बी-602 : आप्पा, मी बीड जिल्ह्यात परळीच्या औष्णिक वीज केंद्रात होतो. फेब्रुवारी 2013 मध्ये खडक्याच्या बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि परळीचे सगळे संच बंद पडले. कोळसा यार्डात पडलेला, माणसं ड्यूटीवर हजर, टर्बाइन थांबलेलं. ऐन दुष्काळात गावाला प्यायला पाणी नाही, तिथे कूलिंग टॉवरला कुठून देणार? कंट्रोल रूममध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तेव्हापासून मला ही गोष्ट पुस्तकातली वाटत नाही. आपले 20 किलोवॅट वर्षाला साधारण 26,000 युनिट देतील. तेवढ्या विजेला जवळजवळ 17 टन कोळसा लागतो, एक भरलेला ट्रक. त्या ट्रकपुरतं पाणी तरी बीडमध्ये राहील.

ए-304 : हे तुम्ही कधी बोलला नव्हता.

ए-701 : काका 🙏

ए-304 : बरं. ते वाक्य राहू द्या कागदावर. पण तुमचे 26,000 युनिट मी असेच धरणार नाही. दुपारी तीननंतर पाण्याच्या टाकीची सावली पश्चिमेच्या निम्म्या गच्चीवर येते, मी रोज तिथे फिरतो. आणि कबुतरांचं काय? पॅनेल कोण धुणार?

बी-602 : सावलीचं कोटेशनवाल्याने बघितलंच नाही, तो सकाळी अकराला आला होता. टाकीकडची चार पॅनेल हलवावी लागतील. धुण्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा माणूस, ते मेंटेनन्समध्ये धरतो.

ए-304 : मीटिंग सकाळी दहाला नको. रविवारी साडेतीनला गच्चीवर घ्या. मी मोजायची टेप आणि गेल्या बारा महिन्यांची बिलं घेऊन येतो. खडू कोणीतरी आणा, सावलीची रेघ मारून ठेवू.

सी-203 : खडू मी आणते. चहाही.