बेघरांना निवाऱ्यात यायचंच नसतं?

नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर झोपणाऱ्यांना निवाऱ्यात यायचंच नसतं, असं म्हणतात. मी बेघर निवाऱ्यात काम करतो, म्हणून लिहितोय. बहुतेक जण यायला तयार असतात हो! पण नवरा एका निवाऱ्यात अन् बायको-लेकरं दुसऱ्यात, हे कुणाला पटेल? मालाची सायकलरिक्षा बाहेर लावली तर सकाळी जागेवर सापडेल का? लग्नसराईत केटरिंगची पोरं रात्री दोनला परततात, तेव्हा दार उघडं हवं. भंगार वेचणाऱ्या एक आजी पोतं सोडायला तयार नव्हत्या. कुलपाची पेटी दाखवली, किल्ली त्यांच्याच हातात दिली, तेव्हा पोतं खाली ठेवलं. किल्ली लगेच पदराच्या गाठीत गेली.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता: एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची कायमची सोय, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच २,४०० जागा हव्या होत्या. थंडीत सगळ्यांना आठवण येते, पण मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारीही निवारा उघडाच लागतो. आणि आधार कार्ड नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नये. ते काढून द्यायला मदत करणं हे आमचंच काम आहे.