पेरिमेनोपॉज (पाळी जाण्याआधीचा काळ): गरम वाफा, अंगावरून जास्त जाणं, जेल आणि आहार

अबोली_नाशिक:
वय ४७, वजन ६४ किलो. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ३.१. वर्षभर पाळी कधी २२ दिवसांनी तर कधी ५० दिवसांनी येते. आली की पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठी पडतात. हिमोग्लोबिन ९.६. रात्री दोन-तीनदा घामाने जाग येते, दिवसाही गरम वाफा येतात. बीपी आणि साखर ठीक. घराण्यात स्तनाचा कॅन्सर नाही. सोनोग्राफीत एंडोमेट्रियम (गर्भाशयाचं आतलं अस्तर) १३ मिमी आणि गर्भाशयाच्या भिंतीत ३ सेंमीचा फायब्रॉइड (कॅन्सर नसलेली गाठ) आहे, आतली पोकळी मोकळी आहे.

डॉक्टर म्हणतात एस्ट्रॅडिओल (एस्ट्रोजेन हार्मोनचं) जेल आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुरू करू, नाही जमलं तर पिशवी काढू. घरचे म्हणतात हार्मोन नकोत, शतावरी आणि जवस घे. मी शाकाहारी आहे, अंडी चालतात. आहाराने यातलं काय काय भागेल? आणि जेल घ्यायचं ठरलं तर काय सांभाळायचं?

स्त्रीरोग_ओपीडी:
ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार एकत्र आलेत. वाफा येतात त्या एस्ट्रोजेन खालीवर होतं म्हणून. अंगावरून जास्त जातं ते बहुतेक बीजं बाहेर पडत नाहीत म्हणून. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन बनत नाही, अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग एकदम कोसळतं. आधी दुसऱ्याचा निकाल लावा. कारण न शोधता रक्तस्राव चालू असताना एस्ट्रोजेन सुरू करायचं नसतं, हा या उपचाराचा पहिला नियम.

४५ च्या पुढे अनियमित आणि जास्त स्राव असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला द्यावा. पिपेल नावाच्या बारीक नळीने ओपीडीतच होतं, भूल लागत नाही, पाच-दहा मिनिटं पाळीसारखी कळ येते. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. एफएसएच या हार्मोनच्या तपासणीवर पैसे घालवू नका. या वयात तो आज २५ तर पुढच्या महिन्यात ७ येतो, त्यावरून काहीच ठरत नाही. वय, पाळीचं वेळापत्रक आणि वाफा एवढ्यावर निदान पक्कं होतं.

सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली होती? पाळीच्या आधी आठवडाभर १३ मिमी असणं नैसर्गिक आहे. पाचव्या दिवशी १३ असेल तर गोष्ट वेगळी.

तुकड्याचा अहवाल स्वच्छ आला तर तुमच्या केसमध्ये मी कॅप्सूलच्या आधी लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या (प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन), गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीसारख्या साधनाचा (५२ मिग्रॅ) विचार करेन. तीन कामं एकदम होतात: स्राव कमी होतो, जेलपासून अस्तराला संरक्षण मिळतं, आणि गर्भनिरोधन होतं. अस्तराच्या संरक्षणासाठी ते ५ वर्षं चालतं. पोकळी मोकळी आहे म्हणजे बसायलाही अडचण नाही. पहिले ३ ते ६ महिने थेंब थेंब डाग लागत राहतात. नेमक्या याच काळात बायका कंटाळून काढून टाकायला सांगतात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तोवर पाळीच्या जास्त स्रावाच्या ३-४ दिवसांत ट्रानेक्सामिक अॅसिड ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा असा डोस सहसा देतात. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर ते चालत नाही.

३ सेंमीच्या फायब्रॉइडसाठी पिशवी काढायची गरज दिसत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये एवढा गदारोळ झाला, तरी ‘पिशवी काढून टाका’ हे आपल्याकडे अजून फार पटकन सुचवलं जातं.

फार्मसी_काउंटर:
जेलबद्दल लिहितो. ०.०६ टक्क्यांच्या जेलमध्ये २.५ ग्रॅमला १.५ मिग्रॅ एस्ट्रॅडिओल असतं. पंप असेल तर एका दाबाला ०.७५ मिग्रॅ. ट्यूब असेल तर सोबतच्या मोजपट्टीनेच घ्या. बोटावर अंदाजाने काढलेलं निम्मं-दुप्पट होतं आणि मग ‘जेल लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. सुरुवात बहुधा ०.७५ ने करतात, ६ ते ८ आठवड्यांनी बघून वाढवतात.

आंघोळीनंतर कोरड्या अंगाला, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर, तळहाताएवढ्या जागेपेक्षा मोठ्या भागावर पातळ पसरा. चोळत बसू नका. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे. स्तनांवर अजिबात नाही. तासभर पाणी नको, त्या जागी मॉइश्चरायझर नको. हात साबणाने धुवा. घरात लहान मूल किंवा नातवंडं असतील तर जेल लावलेला दंड त्यांच्या अंगाला लागू देऊ नका, औषध त्वचेतून त्वचेत जातं.

प्रोजेस्टेरॉनची (मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कणांची) कॅप्सूल झोपतानाच घ्यायची, ती गुंगी आणते. पाळी अजून येतेय त्यांना साधारण २०० मिग्रॅ, महिन्यातले १२ ते १४ दिवस. गोळी थांबली की दोन-चार दिवसांत पाळी येते. काही ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, अॅलर्जी असेल तर खोक्यावरचा मजकूर वाचा. सकाळी फार जड वाटत असेल तर तीच कॅप्सूल योनीमार्गातून घेता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

काउंटरवर सगळ्यात जास्त दिसणारी गडबड म्हणजे जेलने बरं वाटतं म्हणून जेल चालू आणि कॅप्सूलने डोकं जड होतं म्हणून कॅप्सूल बंद. पिशवी शाबूत असताना नुसतं एस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढतं आणि त्यातून पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. दोन्ही घ्या किंवा दोन्ही थांबवा.

आणि गणपती-नवरात्राला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या (नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ) परस्पर घेऊ नका. मोठ्या डोसमध्ये तिचा काही भाग शरीरात एथिनिल एस्ट्रॅडिओलमध्ये (गर्भनिरोधक गोळ्यांतलं एस्ट्रोजेन) बदलतो, म्हणजे रक्ताच्या गाठीचा धोका वाढतो. जेल चालू असेल तर महिन्याचा हिशोबही कोलमडतो.

आहार_मात्रा:
आधी स्पष्ट बोलते. आहाराने वाफा थांबत नाहीत. हाडं, रक्त, स्नायू, वजन हे आहाराचं खातं. वाफांवर खाण्यापिण्याचा परिणाम इतकाच: रात्री आठनंतर चहा-कॉफी, झणझणीत रस्सा आणि दारू टाळली की रात्रीची एखादी वाफ कमी होते. वजन जास्त असेल तर ४-५ किलो उतरल्यानेही फरक पडतो.

सोयाचा पुरावा माफक आहे. अभ्यासांत ४० ते ८० मिग्रॅ आयसोफ्लेव्होन (सोयातलं एस्ट्रोजेनसारखं द्रव्य) रोज वापरलेत, परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. रात्री ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स किंवा टोफू घ्या. थायरॉइडच्या गोळीजवळ मात्र नको. जवसाच्या चटणीने वाफा कमी होतात असं चाचण्यांत नीट दिसलेलं नाही. पोट साफ राहतं, ओमेगा-३ मिळतं, म्हणून खुशाल खा. शतावरीचंही तसंच, भरवशाचा पुरावा नाही. तिच्यापायी ठरलेला उपचार लांबवू नका.

प्रथिनं ६० ते ६५ ग्रॅम हवीत. आपल्या थाळीत सहसा ४०-४५ पडतात. सकाळी दोन अंडी किंवा ५० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी (१२), दुपारी ४० ग्रॅम कच्च्या मटकीची उसळ (९), दोन ज्वारीच्या भाकऱ्या (८), वाटीभर दही (५), चारला मूठभर फुटाणे (६), रात्री ७५ ग्रॅम पनीर किंवा सोया (१४) आणि घट्ट वरण (७), शिवाय कपभर दूध. वरण पातळ केलं की सगळा हिशोब फसतो. पळीभर पाण्यासारख्या आमटीत तीन ग्रॅमही नसतात.

संकष्टीला साबुदाण्यावर दिवस काढू नका, तो निव्वळ पिष्ट आहे. भगर, दही, राजगिऱ्याचं थालीपीठ, शेंगदाण्याची आमटी असं करा.

कॅल्शियम १००० मिग्रॅ. दूध-दही मिळून अर्धा लिटर ६००, नाचणीची एक भाकरी (४० ग्रॅम पीठ) १४०, मोठा चमचाभर न सोललेले तीळ सव्वाशेच्या आसपास, बाकी डाळ-भाजीतून येतं. पालक यात धरू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. शेवग्याचा पाला चांगला. एवढं जमत असेल तर गोळीची गरज नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्याची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ८ आठवडे, मग महिन्याला एक. आठवड्याची वर्षभर चालू ठेवणारे बरेच असतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

तुमच्यासाठी गोळ्यांच्या वेळा महत्त्वाच्या. थायरॉइडची सकाळी सहाला, नुसत्या पाण्यासोबत. लोह आणि कॅल्शियम त्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी संध्याकाळी लिंबू सरबतासोबत, तासभर आधी-नंतर चहा नाही. एक दिवसाआड घेतली तर शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. शौच काळी होते, घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमही वाढलं नाही तर गोळीत अडकून न बसता शिरेतून लोह घ्यायचं विचारा. मूळ स्राव थांबला नाही तर खाऊन भरून निघणार नाही.

आठवड्यातून तीनदा वजन उचलायचा व्यायाम करा. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्याही चालतात. नुसतं चालून हाडांना पुरत नाही.

अबोली_नाशिक:
सोनोग्राफी २४व्या दिवशी झाली होती. कॅन्सरचं काय? घरच्यांची मुख्य भीती तीच आहे. आणि माझ्या थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलावा लागेल का?

स्त्रीरोग_ओपीडी:
२४वा दिवस म्हणजे १३ मिमीने घाबरायचं कारण नाही. तुकडा तरीही द्या, तुमचं वय आणि स्रावाची पद्धत बघता. पुढची सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी करा.

भीती आली ती हार्मोन उपचारांच्या २००२ च्या अमेरिकी चाचणीच्या बातम्यांतून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं घोडीच्या मूत्रातलं एस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन). त्यात दरवर्षी १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे ८ केसेस जास्त आढळल्या. पिशवी काढलेल्या, नुसतं एस्ट्रोजेन घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. धोका शून्य नाही आणि वर्षांगणिक वाढतो, पण मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनबरोबर तो कमी दिसतो. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना नफा जास्त. सुरू करण्याआधी मॅमोग्राफी आणि बीपी बघून घ्या. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आलेल्या, यकृताचा चालू आजार असलेल्यांना हे द्यायचं नाही. त्यांच्या वाफांसाठी व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्रीचं गॅबापेन्टिन असतं. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरचं औषध) घेणाऱ्यांनी पॅरॉक्सेटिन (नैराश्याचं, वाफांसाठीही देतात ते औषध) टाळावं.

थायरॉइड: तोंडातून घेतलेलं एस्ट्रोजेन यकृतातून जातं, तिथे थायरॉइड हार्मोन बांधणारं प्रथिन वाढतं आणि गोळी कमी पडते. मग ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच बघून डोस वाढवावा लागतो. त्वचेतून दिलेल्या जेलने असं सहसा होत नाही, रक्ताच्या गाठीचा धोकाही वाढत नाही. तुमच्यासाठी जेल निवडण्याचं हेही एक कारण.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही: जेल आणि कॅप्सूल हे गर्भनिरोधक नव्हे. ४७व्या वर्षी गर्भ राहू शकतो. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. लेव्होनॉरजेस्ट्रेलचं साधन बसवलंत तर हा प्रश्न उरत नाही.

तीन महिन्यांनी दाखवायला जाताना रोज रात्री किती वाफा आल्या आणि कोणत्या तारखांना किती पॅड लागले एवढं कॅलेंडरवर लिहून न्या. डोस त्यावरच ठरतो, रक्ताच्या अहवालावर नाही.